सीएसआर देशोदेशी : तुलना करण्याआधी काय तपासाल?



विषय निवडताना 'भारत आणि अमुक देशातील सीएसआरचा तुलनात्मक अभ्यास' असं शीर्षक बऱ्याच जणांना सुचतं. सीएसआर म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. वार्षिक अहवालांत डेटा तयार मिळतो, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण आधी एक प्रश्न विचारा. दोन्ही देशांत हा शब्द एकाच गोष्टीसाठी वापरतात का?

शब्द एक, अर्थ वेगळे

भारतात कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आहे. त्याच्या निकषांत बसणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशा कामांवर खर्च करावी लागते. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च यात धरत नाहीत. म्हणजे आपल्याकडे सीएसआर हा नफा झाल्यानंतरचा प्रश्न आहे. युरोपीय आयोगाची २०११ ची व्याख्या वेगळी आहे. कंपनीच्या कामाचा समाजावर जो परिणाम होतो, त्याची जबाबदारी म्हणजे सीएसआर. इथे नफा कसा कमावला हेही मोजलं जातं.

आता जर्मनी बघा. २,००० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला देणारा कायदा तिथे १९७६ पासून आहे. ही मोठीच जबाबदारी झाली, पण कायद्याचाच भाग असल्यामुळे तिला वेगळं सीएसआर म्हणायची गरज पडत नाही. डर्क मॅटन आणि जेरेमी मून यांनी २००८ मध्ये हाच फरक 'उघड' आणि 'अंतर्भूत' सीएसआर असा मांडला. अमेरिकेत कंपन्या स्वतःहून योजना आखतात आणि जाहीर करतात, म्हणून ते उघड. युरोपात बरंच काही कायद्यात आणि कामगार संघटनांशी झालेल्या करारांत मुरलेलं असतं, म्हणून ते अंतर्भूत. तुम्ही फक्त अहवालातले शब्द मोजले, तर जर्मन कंपनी उगाचच कमी जबाबदार दिसेल.

सियालकोटचे फुटबॉल

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये जगभरासाठी फुटबॉल हाताने शिवले जात. आसपासच्या गावांत हे काम घराघरांत चाले. त्यात लहान मुलंही असल्याचं समोर आल्यावर पाश्चात्त्य बाजारपेठेत गदारोळ झाला. १९९७ मध्ये अटलांटा करार झाला. घरोघरी देखरेख ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून शिलाई घरांतून काढून केंद्रांमध्ये नेली.

केंद्रांत तपासणी करता येऊ लागली आणि हा उपक्रम यशस्वी म्हणून गाजला. पण फरझाद खान, कमाल मुनीर आणि ह्यू विलमॉट यांनी २००७ च्या शोधनिबंधात दुसरी बाजू मांडली. शिलाई करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. घर, मुलं सांभाळून त्या हे काम करायच्या. पडद्याची रीत, केंद्राचं अंतर, परक्या पुरुषांमध्ये बसणं, यामुळे अनेकींना केंद्रात जाता आलं नाही. त्यांची कमाई बुडाली आणि आधीच गरीब असलेली घरं आणखी गरीब झाली.

मुलांना कामातून सोडवणं चूक नव्हतं. पण उपाय ठरवणाऱ्यांच्या टेबलावर कंपन्या, व्यापारी मंडळ आणि आंतरराष्ट्रीय संस्था होत्या. शिलाई करणाऱ्या बायका नव्हत्या. यशाच्या मोजपट्टीत त्यांच्या उत्पन्नाचा रकानाच नव्हता. मग तो तोटा अहवालात दिसणार कसा?

मग आपण काय करायचं?

प्रयोगशाळेत आपण उपकरण कॅलिब्रेट केल्याशिवाय रीडिंग घेत नाही. इथेही तेच. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा:

१. त्या देशात सीएसआरची व्याख्या कोणी केली आहे? कायद्याने, बाजाराने की परंपरेने?

२. जे काम जबाबदारीचं आहे, पण अहवालात सीएसआर या नावाखाली येत नाही, ते तुमच्या डेटात कसं येणार?

३. ज्यांच्यासाठी उपक्रम राबवला, त्यांना तुम्ही विचारणार आहात का? की फक्त कंपनीच्या अधिकाऱ्याची मुलाखत घेणार?

तिसऱ्या प्रश्नासाठी फिल्डवर्क लागतं, वेळ जातो, गाइडही कदाचित 'सेकंडरी डेटावर भागव' म्हणतील. तरी थोड्या तरी मुलाखती प्लॅनमध्ये ठेवाच. सियालकोटच्या बायकांचं नुकसान कुठल्याही तयार डेटासेटमध्ये सापडलं नसतं.