पोप चुकले, असे कॅथलिकाने म्हणावे काय?

विशेष प्रतिनिधी

१८ जानेवारी २०१८ हा पोप फ्रान्सिस यांच्या चिली दौऱ्याचा अखेरचा दिवस होता. इकिके शहरात प्रार्थनासभेला निघालेल्या पोपना एका वार्ताहराने बिशप हुआन बारोस यांच्याविषयी छेडले. फर्नांदो कारादिमा या धर्मगुरूने केलेल्या लैंगिक अत्याचारांची बारोस यांना कल्पना होती आणि तरीही त्यांनी मौन पाळले, असा पीडितांचा आरोप होता. बारोस तो सातत्याने नाकारत होते. पोप थांबले आणि म्हणाले की, पुरावा आणा, मग बोलेन. आज एकही पुरावा नाही, ही सगळी बदनामी आहे.

दोनच दिवसांनी अमेरिकेतील बोस्टनचे आर्चबिशप कार्डिनल शॉन ओमॅली यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. पोपच्या या शब्दांनी अत्याचारपीडितांना मोठी वेदना झाली, हे समजण्यासारखे आहे, असे त्यांनी त्यात लिहिले. आपण सांगतो त्यावर पुराव्याशिवाय विश्वास ठेवला जाणार नाही, असा संदेश जाणे म्हणजे पीडितांना वाऱ्यावर सोडणे होय, असा त्याचा आशय होता. त्याच निवेदनात पोपना या गुन्ह्यांचे गांभीर्य पूर्णपणे ठाऊक आहे, अशी ग्वाहीही त्यांनी दिली. भाषा मऊ होती, पण पोपच्या सल्लागार मंडळातील एका कार्डिनलने त्यांच्या वक्तव्यावर जाहीरपणे नापसंती नोंदवली होती.

अनेकांना याचे आश्चर्य वाटले. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार पोप चुकूच शकत नाहीत ना, मग हे कसे? बिगर-ख्रिस्ती वाचकांचाच नव्हे, तर कित्येक कॅथलिकांचाही असा समज असतो. तो चुकीचा आहे.

पोपच्या प्रमादातीततेचा, म्हणजे चुकीपासून मुक्ततेचा, सिद्धान्त पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी मंजूर केला. बाजूने ५३३ मते पडली आणि विरोधात अवघी दोन. मात्र सुमारे साठ बिशप मतदानाआधीच रोमहून निघून गेले होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. या सिद्धान्ताच्या अटी कडक आहेत. पोपनी सर्व ख्रिस्ती जनांचे मेंढपाळ आणि शिक्षक या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयी, समस्त चर्चला बंधनकारक असा अंतिम निर्णय जाहीर केला, तरच तो प्रमादातीत. १८७० नंतर असा निःसंदिग्ध प्रसंग एकदाच आला. पवित्र मरिया सदेह स्वर्गात घेतली गेली, हा सिद्धान्त पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी घोषित केला, तोच हा प्रसंग. बिशपची नेमणूक, विमानातील वार्तालाप, व्हॅटिकनचा कारभार किंवा एखाद्या देशाच्या राजकारणावरील भाष्य यांपैकी काहीही या कुंपणाच्या आत येत नाही.

याचा अर्थ उरलेल्या साऱ्या गोष्टी उडवून लावाव्यात असा नाही. प्रमादातीत नसलेल्या शिकवणुकीलाही मनाने आणि बुद्धीने मान द्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सांगितले आहे. शिकवण आणि निर्णय यांतही फरक आहे. शिकवणुकीबाबत सावधपणा अपेक्षित असतो, तर नेमणुका आणि कारभार यांबाबत बरीच मोकळीक असते.

ही मोकळीक लेखी आहे. १९८३च्या ‘कॅनन लॉ’चे, म्हणजे चर्चच्या विधिसंहितेचे, २१२ वे कलम सांगते की, श्रद्धावंतांना आपापले ज्ञान, अधिकार आणि प्रतिष्ठा यांनुसार चर्चच्या हिताविषयीचे मत मेंढपाळांना कळवण्याचा आणि इतर श्रद्धावंतांपुढे मांडण्याचा हक्क आहे, काही वेळा तर ते कर्तव्यच आहे. अर्थात श्रद्धा व नीती यांना बाधा येऊ नये, मेंढपाळांविषयी आदर राखावा, सर्वांचे हित आणि व्यक्तींची प्रतिष्ठा जपावी, या अटी आहेतच. हे कलम कार्डिनलांपुरते नाही. वसईच्या किंवा वांद्र्याच्या धर्मग्रामातील साध्या प्रापंचिकालाही ते तितकेच लागू आहे.

त्याच संहितेत दुसरी बाजूही आहे. पोपपदाचा न्यायनिवाडा कोणी करू शकत नाही, असे १४०४ वे कलम म्हणते. म्हणजे टीका करता येईल, पण पोपवर खटला भरता येणार नाही. आणि पोपविरुद्ध जाहीरपणे द्वेष चेतवणाऱ्यास १३७३ व्या कलमानुसार शिक्षा होऊ शकते.

परंपरा तर विधिसंहितेहून कितीतरी जुनी आहे. अंत्युखिया येथे संत पौलाने संत पेत्राला, म्हणजे चर्चच्या मते पहिल्या पोपला, तोंडावर विरोध केल्याचे गलतीकरांस पत्रात नमूद आहे. बिगर-यहुदी ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीतून पेत्र मागे सरू लागला होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच प्रसंगाचा दाखला देऊन म्हटले की, श्रद्धेला धोका असेल तर वरिष्ठाला जाहीरपणेही बोल लावावा. एरवी मात्र उद्धटपणे नव्हे, सौम्यपणे आणि आदराने. चौदाव्या शतकात सिएनाची संत कॅथरीन हिने आव्हिन्यों येथे मुक्काम ठोकलेल्या पोप ग्रेगरी अकरावे यांना लाडाने ‘बाबा’ असे संबोधून पत्रे लिहिली आणि त्यांतच भित्रेपणा सोडून रोमला परत या, असेही बजावले. पोप १३७७ मध्ये परतले. कॅथरीनला १९७० मध्ये ‘चर्चची आचार्य’ ही पदवी मिळाली.

त्याहून बोलके उदाहरण जॉन बाविसावे यांचे. पुण्यात्म्यांना अंतिम न्यायाच्या दिवसापूर्वी परमेश्वराचे पूर्ण दर्शन होत नाही, असे या पोपनी १३३१ पासून प्रवचनांतून सांगायला सुरुवात केली. पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्याला हरकत घेतली. अखेर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी ते मत मागे घेतले आणि दोन वर्षांनी पुढच्या पोपनी नेमका उलट सिद्धान्त कायम केला. प्रवचन देणारा पोप चुकू शकतो आणि त्याला ते सांगता येते, हे चर्चच्याच दप्तरात आहे.

मग घोडे अडते कुठे? ‘आदराने’ या शब्दापाशी. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना मनाई करणारे पोप पॉल सहावे यांचे परिपत्रक १९६८ मध्ये आले, तेव्हा अमेरिकेतील शेकडो धर्मपंडितांनी असहमतीच्या निवेदनावर सह्या केल्या. त्यांचे अग्रणी चार्ल्स करन यांना व्हॅटिकनने १९८६ मध्ये कॅथलिक धर्मशास्त्राचे अध्यापक म्हणून अपात्र ठरवले. पुढे १९९० मध्ये कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या खात्याने खुलासा केला की, अभ्यासकाने आपल्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे जरूर मांडाव्यात, मात्र प्रसारमाध्यमांतून दडपण आणू नये. तेव्हा हा खुलासा पुराणमतवाद्यांना रुचला होता. गंमत अशी की, फ्रान्सिस यांच्या काळात टीकेचा सूर त्याच गोटातून उमटला.

घटस्फोटानंतर पुनर्विवाह केलेल्यांना काही परिस्थितीत ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कम्युनियन, घेता येईल काय, याविषयी फ्रान्सिस यांच्या २०१६च्या दस्तऐवजात संदिग्धता आहे, असे बर्क, ब्रँडम्युलर, काफारा आणि माइस्नर या चार कार्डिनलांचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी पोपना पाच लेखी प्रश्न पाठवले. उत्तर न आल्याने नोव्हेंबरमध्ये ते प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्याबद्दल कोणालाही औपचारिक शिक्षा झाली नाही. २०२३च्या अखेरीस बर्क यांचे व्हॅटिकनमधील सवलतीचे निवासस्थान आणि वेतन पोपनी काढून घेतल्याचे वृत्त आले, त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला.

आर्चबिशप कार्लो मारिया व्हिगानो यांचे प्रकरण निराळे. २०१८ मध्ये त्यांनी पोपच्या राजीनाम्याची जाहीर मागणी केली, तेव्हा त्यांच्यावर कारवाई झाली नव्हती. ती जुलै २०२४ मध्ये झाली. फ्रान्सिस हे पोप असल्याचेच त्यांनी अमान्य केल्यामुळे चर्चमध्ये फूट पाडल्याच्या कारणावरून त्यांना बहिष्कृत करण्यात आले. पोपचा निर्णय अमान्य करणे आणि पोपपदावरील व्यक्तीलाच अमान्य करणे यांतील रेषा या प्रकरणात स्पष्ट दिसते. खुद्द फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला सांगितले होते की, टीका सुखावह नसते, पण टीका करणाऱ्यांनी ती तोंडावर करावी, एवढीच अपेक्षा आहे.

तथापि, तोंडावर बोलण्याची सोय कोणाला असते? बारोस यांना जानेवारी २०१५ मध्ये ओसोर्नो या चिलीतील धर्मप्रांतावर नेमण्यात आले, तेव्हापासूनच तेथील प्रापंचिक विरोध करत होते. मार्चमध्ये पदग्रहणाच्या दिवशी काळे कपडे घातलेल्या शेकडो निदर्शकांनी कॅथेड्रलमध्ये घोषणा दिल्या. त्याच महिन्यात व्हॅटिकनने कळवले की, नेमणूक रोखण्याजोगे कारण आढळलेले नाही. काही महिन्यांनी एका चित्रफितीत फ्रान्सिस हे ओसोर्नोचे लोक डाव्यांच्या नादी लागून मूर्खपणा करीत आहेत, असे म्हणताना दिसले. कारादिमाच्या अत्याचाराला बळी पडलेले हुआन कार्लोस क्रूझ यांनी २०१५ मध्येच सविस्तर पत्र लिहिले होते. पोपच्या बालसंरक्षण आयोगाच्या सदस्यांनी ते ओमॅली यांच्याकडे सुपूर्द केले आणि त्यांनी ते पोपना दिल्याचे सदस्यांना सांगितले, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये उजेडात आले.

कॅथेड्रलमधील घोषणा आदरपूर्वक होत्या काय, यावर वाद होऊ शकेल. परंतु त्या घोषणा देणाऱ्यांचे म्हणणे खरे होते आणि ते ऐकले जायला तीन वर्षे लागली. कार्डिनलच्या निवेदनाची दखल मात्र दोन दिवसांत घेतली गेली. परतीच्या विमानात पोपनी ओमॅली यांचे आभार मानले आणि ‘पुरावा’ हा शब्द वापरल्याबद्दल क्षमा मागितली. बारोस यांची पाठराखण तरीही चालूच होती. त्यानंतर महिनाअखेरीस माल्टाचे आर्चबिशप चार्ल्स शिक्लुना यांना चौकशीसाठी नेमण्यात आले. ६४ जणांच्या साक्षींवर आधारलेला त्यांचा २,३०० पानांचा अहवाल वाचून, आपल्या आकलनात गंभीर चुका झाल्याचे पोपनी एप्रिलमध्ये चिलीच्या बिशपांना लेखी कळवले. मे महिन्यात रोमला आलेल्या सर्व चिलियन बिशपांनी राजीनामे देऊ केले आणि ११ जून रोजी बारोस यांचा राजीनामा स्वीकारण्यात आला.

त्याच आठवड्यात शिक्लुना ओसोर्नोला पोहोचले. १७ जूनच्या रविवारी, तीन वर्षांपूर्वी जिथे घोषणा झाल्या होत्या त्याच कॅथेड्रलमध्ये, ते गुडघे टेकून बसले आणि पोपच्या वतीने त्यांनी धर्मग्रामस्थांची क्षमा मागितली.