रद्दीतली अकादमी

व्हॅन गॉग म्हटला की आर्लचे पिवळे घर, कान आणि सूर्यफुले एवढ्यावर आपले भागते. त्याआधी डिसेंबर १८८१ अखेरीपासून सप्टेंबर १८८३ पर्यंत तो हेगमध्ये होता. तो काळ बहुतेक चरित्रांत सीन या बाईबरोबर मांडलेल्या संसारापुरता येतो आणि जातो. संसाराची गोष्ट रसाळ आहे यात शंका नाही. पण त्या पावणेदोन वर्षांचा खरा ऐवज तिथल्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर सापडतो, असे माझे मत आहे. शहर त्याला परके नव्हते. १८६९ ते १८७३ तो इथेच गूपिल कंपनीच्या दुकानात चित्रे विकायचा. आता अठ्ठाविसाव्या वर्षी तो चित्रकार म्हणून आला होता, आणि चित्रकाराला हे शहर नवेच होते.

या नव्या शहराचा दरवाजा उघडला आंतोन माउव्हने. मामेबहिणीचा नवरा, हेग परंपरेतला मातब्बर चित्रकार, स्वभावाने उदार. त्याने जलरंग शिकवले, पैसे दिले, ‘पुल्क्री स्टुडिओ’ या चित्रकारांच्या मंडळात प्रवेश मिळवून दिला. मग प्लास्टरच्या साच्यांवरून रेखाटन कर, असे सांगितले. व्हिन्सेंटने साचे कोळशाच्या डब्यात फेकून फोडले. भांडणाला इतरही कारणे होती, सीन त्यांतली एक. तरी साच्यांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. पांढऱ्या, निर्जीव, आदर्श देहापासून शिकायचे नाही, एवढे ठरले. मग शिकायचे कशापासून? त्याचे उत्तर रद्दीत होते.

लंडनमध्ये नोकरीला असताना १८७३ नंतर तो ‘ग्राफिक’ आणि ‘लंडन न्यूज’ या साप्ताहिकांचे नवे अंक छापखान्याच्या काचेमागे पाहायला दर आठवड्याला जायचा. ‘ग्राफिक’च्या ४ डिसेंबर १८६९ च्या पहिल्याच अंकात ल्यूक फाइल्ड्सने रात्रीच्या आसऱ्यासाठी रांगेत उभे राहिलेले बेघर लोक काढले होते. हर्कोमर, फ्रँक हॉल हे त्याच पठडीतले. चित्रकाराचे रेखाटन कारागीर लाकडी ठोकळ्यावर कोरत आणि त्यावरून हजारो प्रती निघत. अशा चित्राचे आयुष्य एका आठवड्याचे. पुढच्या शनिवारी बातमी शिळी, अंक रद्दीत. पण रद्दीत गेल्यावरच एक गंमत होते: बातमी मरते आणि रेघ उरते. प्रसंग कोणता, आकडे किती, याची गरज संपली की पाहणारा फक्त पाठीचा बाक आणि थकलेला हात पाहतो. व्हिन्सेंटने हे अचूक हेरले आणि हेगमधल्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर तो असले अंक शोधू लागला. उघड्यावर जुनी पुस्तके विकणाऱ्या योझेफ ब्लोक नावाच्या ज्यू विक्रेत्याचे चित्रही त्याने नोव्हेंबर १८८२ मध्ये काढले आहे. पुढे जानेवारी १८८३ मध्ये त्याने मोठा घास घेतला: ‘ग्राफिक’चे १८७० ते १८८० चे एकवीस खंड, खंडाला एक गिल्डर. ते सोडवून चित्रे कापली आणि जाड कागदावर चिकटवली.

शहरातल्या मान्यवरांना या छंदाविषयी काय वाटत होते, याचा पुरावा मित्र फान राप्पार्द याला लिहिलेल्या पत्रांत आहे. ब्लॉमर्स या चित्रकाराने सुचवले की व्हिन्सेंटच्या संग्रहातली लाकूडकोरीव चित्रे पुल्क्रीच्या एका संध्याकाळी मांडावीत. मंडळींनी नाके मुरडली: असली चित्रे तर साउथ हॉलंड कॉफीहाउसात चाळायला मिळतात. व्हिन्सेंट भयंकर चिडला, आणि माझी सहानुभूती पूर्णपणे त्याच्या बाजूला आहे. चित्र कुठे ठेवलेले आहे यावरून त्याची किंमत ठरवणाऱ्यांना ते पाहण्याची तसदी घ्यावी लागत नाही. शिवाय स्वतःला वास्तववादी म्हणवणाऱ्या शहरालाच कॉफीहाउसातले वास्तव नको होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: गरीब माणूस जुने घेणारच, त्यात निवड कसली? पण हिशेब पाहा. भाऊ थिओ महिन्याला दीडशे फ्रँक पाठवायचा, म्हणजे साधारण सत्तर गिल्डर. त्यांतले एकवीस, जवळपास तिसरा हिस्सा, सीन आणि दोन मुलांचे घर चालवताना जुन्या अंकांवर गेले. नाइलाजाची खरेदी अशी नसते. मॉडेलांसाठी तो जुने कपडेही जमवायचा. समुद्रावर झिजलेली कोळ्याची टोपी मिळाल्यावर तो हरखला. शहराच्या उकिरड्यावरच्या फुटक्या बादल्या, किटल्या, टोपल्या त्याला अँडरसनच्या परीकथेसारख्या भासल्या. हातून गेलेल्या वस्तूत वापराच्या खुणा असतात, आणि त्याला त्याच काढायच्या होत्या. प्लास्टरच्या साच्याला ना झीज, ना मालक.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. या चित्रांत व्हिक्टोरियन हळवेपणा भरपूर होता आणि तो व्हिन्सेंटला लागला. ‘सॉरो’, ‘वर्न आउट’ अशी इंग्रजी शीर्षके त्याने हेगमधल्या कामांना दिली. हे जवळजवळ उसने आणलेले दुःख आहे. हे मान्य करावे लागते. मात्र त्याने भावना उसनी घेतली तशी रीतही घेतली. लाकडावर कोरलेल्या रेषेत करडी छटा नसते. जवळजवळ आणि दूरदूर मारलेल्या फटकाऱ्यांतूनच ती उभी करावी लागते. त्याने त्यासाठी सुताराची पेन्सिल, लिथोचा खडू, छपाईची शाई वापरली. १८८८ मधली आर्लची बोरूची रेखाटने पाहा: शेते, आकाश, गवत सगळे फटकाऱ्यांचे. हळवेपणा मागे पडला, शिस्त राहिली.

तिसरा आक्षेप असा की पॅरिसमधल्या जपानी चित्रांनी हे सारे पुसून टाकले. मला उलट वाटते. १८८५ मध्ये अँटवर्पच्या खोलीच्या भिंतीवर त्याने जपानी छापचित्रे टाचली ती याच सवयीने: स्वस्त, छापील, उच्चभ्रूंनी कलेत न धरलेले ते आपले. फेब्रुवारी १८९० मध्ये त्याने कैद्यांच्या फेरीचे चित्र रंगवले ते गुस्ताव दोरेच्या लंडनविषयक छापचित्रावरून. त्याच वर्षी मे महिन्यात डोके हातांत धरलेला म्हातारा रंगवला, तो १८८२ च्या हेगमधल्या स्वतःच्याच शिळाछापावरून. दोन महिन्यांनी तो गेला. पॅरिसने त्याला रंग दिला हे खरे. पण काय पाहायचे आणि कोणाकडे पाहायचे, हे त्याच्यापुरते हेगच्या रद्दीत ठरले होते, आणि त्याबाबत त्याने शेवटपर्यंत मत बदलले नाही.