रांगेत तिघेच होतो म्हणून

परवा भाचीने मोबाईलवरच रोजगारासाठी नाव नोंदवले. दहा मिनिटांत काम झाले. ‘मामा, आता पुढं काय?’ तिने विचारले आणि मला जिल्ह्याच्या गावचे सेवायोजन कार्यालय आठवले.

आम्ही त्याला नुसते ‘एम्प्लॉयमेंट’ म्हणत असू. १९८६ साली बी.एस्सी. झालो आणि वडिलांनी तिथे पिटाळले. रांग जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत. खिडकीत एकच कारकून. तो मार्कशीट बघे, कार्ड लिही, शिक्का मारी. माणशी दोन मिनिटे! आत ‘व्यवसाय मार्गदर्शन’ अशी पाटी होती, पण पाटीखालची खुर्ची रिकामी. १९५९ च्या कायद्याने मालकांनी रिकाम्या जागा कळवायच्या होत्या, मात्र माणूस तिथूनच घेण्याची सक्ती नव्हती. तेव्हा कार्डे साठत गेली आणि आम्ही ‘कॉल’ची वाट पाहत राहिलो.

तीन वर्षांनी नूतनीकरणाला गेलो, तर मुसळधार पाऊस. रांगेत आम्ही तिघेच. कारकुनाने शिक्का उचलला, थांबला आणि म्हणाला, ‘हाताने काय येतं रे तुला?’ रेडिओ दुरुस्त करतो, म्हटले. त्याने कपाटातून एक कागद काढला. एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकची शिकाऊ उमेदवारी होती. मुदत संपायला चार दिवस. माझी नोकरी अशी पावसाने लागली म्हणा ना!

जर्मनीत २००७ मध्ये १४ कार्यालयांत हाच पाऊस मुद्दाम पाडला गेला. जादा माणसे नेमून एका सल्लागारामागे सुमारे ७० बेकार एवढेच प्रमाण ठरवले. बेकारांवर नजर कडक झाली हे खरे, पण सल्लागारांनी आसपासच्या नव्या जागाही नोंदवून घेतल्या. त्या भागातली बेकारी घटली आणि जादा खर्च सुमारे दहा महिन्यांत भरून निघाला. अर्थात तिथे बेकारभत्ता असतो. माणूस लवकर कामाला लागला की सरकारचे पैसे वाचतात. आपल्याकडे पोरगा घरी बसला तर खर्च बापाचा. सरकारी वहीत तो दिसतच नाही, मग सल्लागाराच्या जागा भरायची घाई कुणाला असणार?

भाचीला म्हटले, रविवारी सगळी प्रमाणपत्रे घेऊन ये. मागच्या गल्लीत एक निवृत्त सेवायोजन अधिकारी राहतात, त्यांना चहाला बोलावले आहे. ‘किती वेळ लागेल?’ त्यांनी विचारले. दुपार मोकळी ठेवा, म्हणालो.