वर्ष फुकट जाऊ नये म्हणून

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून 'वर्ष फुकट गेले' या तीन शब्दांना लोक जितके भितात, तितके दुखण्याबाणण्यालाही भीत नाहीत. नापास झालेल्याचे वर्ष जाते, हे समजण्यासारखे आहे. पण चांगला पास झालेला मुलगा गाव बदलून दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे केले, तर त्याला काय म्हणावे? असे पुष्कळांचे झाले आहे. आता त्यावर उपाय निघाला आहे. पण तो नीट माहीत असेल तरच उपयोगी पडतो.

माझी भाची इंदापूर तालुक्यातल्या कळसची. २०२३ साली बारावी होऊन ती बारामतीला बी. एस्सी. करू लागली. घरचा डबा आणि एस.टी.चा पास, पुण्याच्या वसतिगृहाच्या मानाने खर्च थोडका. दोन वर्षे चांगली गेली. मग तिच्या भावाला पुण्यात नोकरी लागली, बिऱ्हाड झाले, आणि पुढचे शिक्षण पुण्याच्या एका विद्यापीठात घ्यावे असे तिच्या मनाने घेतले. दाजी मात्र बिथरले. मला म्हणाले, "पाव्हणं, दोन वर्सं पाण्यात घालून पोरगी परत पहिल्यापासनं शिकणार असंल, तर त्यापरीस यंदाच हात पिवळे करून टाकतो!"

म्हणजे प्रश्न नुसत्या गुणपत्रिकेचा उरला नव्हता.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाचे मोजमाप वर्षांऐवजी श्रेयांकांत करण्याचे ठरवले. आठवड्याला एक तास याप्रमाणे पंधरा आठवडे तासांना बसावे, परीक्षा द्यावी, म्हणजे एक श्रेयांक. महाराष्ट्रातल्या रचनेत सत्राला २२, वर्षाला ४४. तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चौथ्या वर्षासह ऑनर्सच्या पदवीला १७६. हे श्रेयांक जमा ठेवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांकांची बँक काढली. विद्यार्थ्याचे तिच्यात खाते असते आणि एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येतात.

दाजी ऊसवाले. त्यांना म्हटले, "दाजी, काट्यावर ऊस चढवला की वजनाची पावती मिळते ना? पोरीच्या हातात तशी ८८ श्रेयांकांची पावती आहे."

दाजी हसले नाहीत. म्हणाले, "पावती हाय, पर उतारा?"

त्यांनी नेमके दुखण्यावर बोट ठेवले. बँकेत श्रेयांक जमा असणे निराळे आणि नव्या विद्यापीठाने ते आपल्या अभ्यासक्रमात धरणे निराळे. रसायनशास्त्राचे श्रेयांक रसायनशास्त्रातच धरले, तर लाभ. 'इतर विषय' म्हणून कोपऱ्यात टाकले, तर वजन भरले पण साखर निघाली नाही! शिवाय तोडलेला ऊस जसा वाळतो, तसे या श्रेयांकांनाही वय आहे. सर्वसाधारणपणे सात वर्षांत त्यांचा उपयोग करून घ्यावा लागतो.

आणखी एक मेख आहे. पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे तरी श्रेयांक मिळवलेच पाहिजेत, अशी अट २०२१ च्या नियमांत घातली होती. दोन वर्षांचे ८८ घेऊन जाणारी मुलगी नव्या विद्यापीठात एकच वर्ष शिकली, तर १३२ पैकी ४४ म्हणजे तिसरा हिस्सा. तेच दोन वर्षे राहून १७६ पुरे केले, तर बरोबर निम्मे. तेव्हा विद्यापीठ बदलणाऱ्याने 'एका वर्षात पदवी घेऊन मोकळे होऊ' असे गृहीत धरू नये.

भाचीने आधी लेखी विचारले. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी नेला. एका विषयाचे चार श्रेयांक मुख्य विषयात बसले नाहीत. तो विषय तिला तिथे नव्याने करावा लागत आहे. बाकीचे बसले. ती आज तिसऱ्या वर्षाला आहे आणि हळदीचा विषय दाजींनी तूर्त बाजूला ठेवला आहे.

असला रस्ता आपल्याला अगदीच नवा नाही. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुले गावोगाव आहेत. हिशेब सरळ आहे: अकरावी, बारावी आणि पदवीचे पहिले वर्ष, या तीन वर्षांच्या जागी पदविकेची तीन वर्षे. तिथेही वर्ष वाचते, पण दुसऱ्या वर्षाचे गणित पुष्कळांना दमवते. प्रवेशाआधीची सुटी गणितात घालवावी, हे उत्तम.

अमेरिकेत ही कल्पना जुनी आहे. इलिनॉय राज्यातल्या जॉलिएट गावी १९०१ साली एक 'ज्युनिअर कॉलेज' निघाले. घराजवळ राहून विद्यापीठाची पहिली दोन वर्षे करावी आणि मग मोठ्या विद्यापीठात जावे, हा त्यामागचा हेतू. पुढे अशी महाविद्यालये देशभर पसरली. श्रेयांक वाया जाण्याची तक्रार तिथेही आहेच. म्हणून अनेक ठिकाणी दोन संस्था आधीच करार करतात, आणि इथला कोणता विषय तिथे कशाच्या जागी धरला जाईल, हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच पाहता येते.

असे कोष्टक आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांतूनही फलकावर लागले पाहिजे. तोवर वाचकांनी आपल्यापुरते इतके करावे. श्रेयांकांच्या बँकेतले खाते अधूनमधून उघडून गुण जमा झाले की नाही ते पाहावे. प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवावा. आणि जुने महाविद्यालय सोडण्याचा दाखला मागण्यापूर्वी नव्याकडून लेखी उत्तर घ्यावे. यासाठी टपालाचे चार पैसे आणि दोन हेलपाटे खर्ची पडतील. पण त्यांवर एखाद्या मुलीची दोन वर्षे, आणि कधी कधी तिचे सारे शिक्षण, अवलंबून असते.