कॅरिबियन कवयित्री आणि आईकडून आलेला आघात

'वारसा' म्हटले की आपल्याला घर, शेत, दागिने आठवतात. कॅरिबियनमधील गुलाम स्त्रीकडे लेकीला देण्यासाठी यांपैकी काहीच नव्हते. ब्रिटिश वसाहतींत मूल आईचा दर्जा घेऊन जन्माला येई. आई गुलाम असेल तर मूलही मालकाची मालमत्ता ठरे. म्हणजे गुलामगिरीचा वारसा आईकडूनच येत होता. या प्रदेशातील कवयित्री दुःखाचे मूळ शोधताना आई, आजी, पणजीपर्यंत का जातात, हे यावरून लक्षात येईल. एका पिढीने सोसलेल्या जखमेचे परिणाम पुढच्या पिढ्यांत उतरणे, यालाच 'आंतरपिढी आघात' म्हणतात. तो कवितेत कसा येतो, हे पुढील चार उदाहरणांतून पाहू.

१. सामूहिक स्मृती : ग्रेस निकोल्स (जन्म १९५०, गयाना) यांच्या 'आय इज अ लाँग-मेमरीड वुमन' (१९८३) या संग्रहात एक अनाम गुलाम स्त्री बोलते. तिला नाव नसल्यामुळे तिचा 'मी' अनेकींचा होतो. शीर्षकातील क्रियापदही प्रमाण इंग्रजीचे नसून क्रिओल वळणाचे आहे.

२. दाबलेले अश्रू : जमैकाच्या लोर्ना गुडिसन (जन्म १९४७) यांनी आईवर लिहिलेल्या एका प्रसिद्ध कवितेत तिच्या बळाचा निम्मा तरी वाटा आपल्याला मिळावा अशी इच्छा आहे. त्या कवितेत नऊ मुले वाढवणारी आई पतीच्या दफनाच्या वेळी रडत नाही. काही आठवड्यांनी, घरातले साधे काम करताना तिचा बांध फुटतो. लेकीला आईचे बळ हवे आहे, पण त्या बळाची किंमतही ती जाणते.

३. मौन : १७८१ मध्ये 'झाँग' या जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी माणसांना समुद्रात फेकण्यात आले. मालकांनी विम्याची भरपाई मागितली आणि प्रकरण न्यायालयात गेले. टोबॅगोत जन्मलेल्या एम. नोर्बेसे फिलिप यांनी त्या निवाड्याच्या अहवालातील शब्द फोडून 'झाँग!' (२००८) रचले. अहवालात मृतांची नावे नाहीत. कवयित्रीने काही पानांच्या तळाशी कल्पिलेली आफ्रिकी नावे ठेवली आहेत.

४. आपल्याकडून गेलेल्या स्त्रिया : गुलामगिरी संपल्यावर मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. १८३८ मध्ये पहिली जहाजे कलकत्त्याहून गयानाला पोहोचली. महादाई दास (१९५४–२००३) या त्या मजुरांच्या वंशातील कवयित्री. त्यांच्या कवितेत ही जहाजे पुन्हा दिसतात. मात्र गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी एकच मानू नका. दोन्हींचा कायदा आणि इतिहास वेगळा आहे.

या कविता वाचताना केवळ 'किती दुःख!' असे म्हणून थांबू नका. आईकडून काय आले, लेकीने त्यातले काय ठेवले आणि काय नाकारले, हे प्रत्येक कवितेला विचारा.

स्वयंअध्ययन : तुमच्या आजीने कधीही न सांगितलेली, तरीही घरात सर्वांना ठाऊक असलेली एखादी गोष्ट आहे का? ती घरात कशी टिकली, यावर दहा ओळी लिहा.