भिंतीवरून मेजावर : शेपर्ड फेअरी यांच्या कलाव्यवसायासंबंधी काही विचार

नगरातील भिंतींवर विनापरवाना चित्रे काढणारा कलावंत आणि व्यापारी आस्थापनांसाठी बोधचिन्हे सिद्ध करणारा उपयोजित चित्रकार यांच्या वृत्ती परस्परविरोधी असतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. पहिला कायदा मोडतो, तर दुसरा करारनाम्यावर सही करतो. त्यामुळे पहिल्याने दुसऱ्याचा व्यवसाय पत्करला की त्यास एकतर प्रगती म्हटले जाते किंवा अधःपतन. अमेरिकन कलावंत शेपर्ड फेअरी यांची कारकीर्द पाहता हे दोन्ही निर्णय घाईचे वाटतात. त्यांचे तंत्र फारसे बदलले नाही. बदलले ते त्या तंत्राबरोबर येणारे उत्तरदायित्व. हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

फेअरी यांचा जन्म १९७० साली दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन येथे झाला. प्रॉव्हिडन्स येथील र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या संस्थेत शिकत असता, १९८९ साली, ते एका मित्राला कागदी स्टेन्सिल कापण्याची रीत दाखवीत होते. त्यासाठी वर्तमानपत्रातील कुस्तीच्या जाहिरातीतून आन्द्रे द जायंट या प्रचंडदेही मल्लाचे छायाचित्र त्यांनी निवडले. त्यापासून तयार झालेल्या स्टिकरवर मल्लाचा चेहरा होता आणि त्याची उंची ७ फूट ४ इंच व वजन ५२० पौंड असल्याची नोंद होती. त्यात ना कोणत्या मालाची जाहिरात होती, ना कोणत्या पक्षाचा प्रचार.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर ग्राफिटी करणारे तरुण मुख्यतः आपापली टोपणनावे लिहीत. फेअरी यांनी मात्र दुसऱ्याचा चेहरा उचलला आणि तो पुनःपुन्हा लावला. १९९० साली प्रॉव्हिडन्सच्या महापौरपदाचे उमेदवार बडी सियान्सी यांच्या प्रचारफलकावर त्यांनी उमेदवाराच्या मुखाच्या जागी मल्लाचे मुख चिकटविले. पुढे मल्लाच्या नावाच्या व्यापारी हक्कावरून खटल्याची धमकी आली, तेव्हा नाव गळाले, चेहरा अधिक सांकेतिक झाला आणि त्याखाली ‘ओबे’, म्हणजे ‘आज्ञा पाळा’, हा शब्द आला. हा शब्द जॉन कार्पेंटर यांच्या १९८८ सालच्या ‘दे लिव्ह’ या चित्रपटातून घेतलेला होता, तर तांबड्या पट्टीवरील पांढरी ठसठशीत अक्षरे बार्बरा क्रूगर यांच्या शैलीची आठवण करून देणारी होती. तात्पर्य, उसनवारी हा या कलेचा आकस्मिक दोष नव्हता; ती तिची रीतच होती.

रस्त्यावरून जाणाऱ्या मनुष्यापाशी चित्र पाहण्यास क्षणभराचाच अवसर असतो. म्हणून रंग मोजके, कडा कठोर, चेहरा मोठा आणि शब्द एकच, हे या चित्राचे नियम ठरतात. आणि आवृत्ती जितकी अधिक तितकी ओळख दृढ होते. उत्तम बोधचिन्हाकडूनही याहून वेगळी अपेक्षा नसते. १९९८ साली मोझिला या संगणकीय प्रकल्पासाठी फेअरी यांनी तांबड्या डायनोसॉरचे चिन्ह रेखाटले. २००३ साली ‘स्टुडिओ नंबर वन’ ही स्वतःची संस्था स्थापिली. २००७ साली स्मॅशिंग पम्पकिन्स या वाद्यवृंदाच्या ‘झाइटगाइस्ट’ या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टनचित्र केले. रस्त्यावर कमावलेले कसब येथे जसेच्या तसे कामास आले.

या कसबाचा परमोत्कर्ष म्हणजे २००८ साली त्यांनी केलेले बराक ओबामा यांचे भित्तिपत्रक. तांबडा, फिकट पिवळसर आणि निळ्याच्या दोन छटा एवढ्याच सामग्रीवर ते उभे आहे. पहिल्या प्रतींवर ‘प्रगती’ या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. पुढे ‘आशा’ या अर्थाचा ‘होप’ हा शब्द आला आणि तोच रूढ झाला. जानेवारी २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने या प्रतिमेची मिश्रमाध्यमातील एक आवृत्ती आपल्या संग्रहात घेतली. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, ६ फेब्रुवारी रोजी, बोस्टन येथील समकालीन कलासंस्थेत भरलेल्या स्वतःच्याच प्रदर्शनाच्या समारंभास जात असता, भिंती विद्रूप केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांस अटक केली. ज्या रीतीस एका नगरात राष्ट्रीय संग्रहालयाचा सन्मान मिळाला, तिच्यासाठीच दुसऱ्या नगरात पकडवॉरंट निघाले होते.

तथापि खरा पेच निराळाच होता. भित्तिपत्रकाचे मूळ छायाचित्र मॅनी गार्सिया यांनी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी एप्रिल २००६ मध्ये घेतलेले होते. संस्थेने मोबदला मागितला. अमेरिकी कायद्यातील न्याय्य वापराच्या तत्त्वाचा आधार घेऊन फेअरी यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. हा आधार विचारार्ह होता. परंतु आपण भलतेच छायाचित्र मूळ म्हणून दाखविले आणि ते लपविण्यासाठी पुरावा नष्ट केला व बनावट पुरावा तयार केला, अशी कबुली त्यांना ऑक्टोबर २००९ मध्ये द्यावी लागली. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना दोन वर्षांची परिवीक्षा, ३०० तासांची समाजसेवा आणि २५,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

छायाचित्रापासून चित्र करणे न्याय्य होते की नव्हते, हा मूळ प्रश्न या खटल्यात अनिर्णीतच राहिला. अँडी वॉरहॉल यांनी एका छायाचित्रावरून केलेल्या चित्रासंबंधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली छायाचित्रकर्त्रीच्या बाजूने निकाल दिला. मात्र तो मुख्यतः चित्राच्या विशिष्ट व्यापारी वापरापुरता होता. त्यामुळे फेअरी यांच्या खटल्याचा निकाल काय लागला असता, हे त्यावरूनही निश्चितपणे सांगता येत नाही.

भिंतीवरील चित्रास कर्ता पुसला जात नाही, म्हणून मूळही पुसले जात नाही. व्यवसायात मात्र प्रत्येक प्रतिमेमागे नाव, मोल आणि हक्क असतो. फेअरी यांचे न भरून येणारे नुकसान उसनवारीने झाले नाही. उसने घेतलेले कोठून घेतले हे लपविल्याने झाले. ज्या प्रश्नावर त्यांच्या बाजूने पुष्कळ बोलता आले असते, तो न्यायालयापुढे मांडण्याचा अधिकारच त्यांनी स्वहस्ते गमावला. उपयोजित कलेच्या अभ्यासकाने त्यांच्या रेषेइतकेच याकडेही लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.