इम्प्रेझाचा तिसरा गिअर

गिअरबॉक्सचं तेल काढायला ड्रेन प्लग खोलला की त्याच्या चुंबकावर काळसर लेप जमलेला दिसतो. तो नेहमीचाच. गिअर एकमेकांवर फिरणार म्हटल्यावर थोडं लोखंड झिजणारच. पण सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सच्या जुन्या, पाच गिअरांच्या खोक्यात, त्यातून मालकाने टर्बोचा दाब वाढवून घेतलेला असला तर, त्या लेपात कधी कधी नखाएवढा तुकडा हाताला लागतो. बहुतेकदा तो तिसऱ्या गिअरच्या दाताचा असतो.

तुकडा उजेडात धरून पाहावा. मोडलेल्या जागेचे दोन भाग सरळ वेगळे दिसतात. एका कडेला गुळगुळीत पट्टा आणि त्यावर बारीक बारीक वळ्या. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. गुळगुळीत पट्टा म्हणजे हजारो वेळा ताण बसून सावकाश पुढे सरकलेली चीर. खडबडीत भाग एका झटक्यात गेलेला. मालक सांगतो, ‘काल सिग्नलवरून जरा जोरात काढली, तेवढंच.’ चीर कालची नसते.

ही गाडी १९९२ साली जपानमध्ये आली. चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे झोपवलेलं दोन लिटरचं ईजे२० टर्बो इंजिन, २४० पीएस ताकद, ३०४ न्यूटन-मीटर टॉर्क आणि चारही चाकांना ओढ. जपानी कंपन्यांनी आपसात पाळलेली २८० पीएसची मर्यादा तिने काही वर्षांतच गाठली. १९९५ साली कॉलिन मॅक्रे तिच्या रॅली आवृत्तीत बसून जगज्जेता झाला आणि निळी गाडी, सोनेरी चाकं हे जगभरच्या पोरांचं वेड होऊन बसलं. अशी गाडी हाती आली की पहिलं काम ठरलेलं: बूस्ट वाढवा. इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, म्हणजे ईसीयूचं मॅपिंग बदललं, एक्झॉस्ट मोकळा केला की चाळीस-पन्नास पीएस सहज वाढतात. मोठा टर्बो बसवला तर ४०० सुद्धा फार लांब नाही. गिअरबॉक्स मात्र तोच राहतो, सुबारूच्या साध्या, कमी ताकदीच्या गाड्यांच्या घराण्यातला.

त्याचं दुखणं नुसतं दात बारीक असण्याचं नाही. त्याचं ॲल्युमिनियमचं खोकं उभं चिरून दोन अर्ध्या भागांचं केलेलं आहे, आणि ते बोल्टांनी जोडलेलं असतं. गिअरचा दात जोर देतो तेव्हा तो समोरच्या गिअरला फिरवतो आणि त्याच वेळी दूरही रेटतो. त्यात रस्त्यावरच्या गाडीत आवाज कमी यावा म्हणून दात तिरपे कापलेले असतात, त्यामुळे शाफ्टला लांबीच्या दिशेने वेगळा रेटा बसतो. खोकं ताणलं जातं, शाफ्ट मधे किंचित वाकतात, आणि दाताच्या पूर्ण रुंदीवर वाटला जायचा भार एका कडेवर येतो. चिरेला एवढं पुरे.

दुसरं कारण गाडीच्या गुणातच आहे. दोन चाकांना ओढ असलेल्या गाडीत क्लच दणकन सोडला तर टायर घसरतात आणि धक्का डांबरावर जिरतो. इम्प्रेझाची चारही चाकं जमीन धरून बसतात. मग धक्का जिरायला उरतो तो क्लच. आणि मालकाने तोही जास्त पकडीचा बसवून घेतलेला असतो. म्हणूनच ३०० पीएसचा गिअरबॉक्स एका हाताखाली वर्षानुवर्षं चालतो आणि २६० चा दुसऱ्याच्या डाव्या पायाखाली दोन महिन्यांत जातो.

यावर उपायांचा एक स्वतंत्र धंदाच उभा आहे. ऑस्ट्रेलियातली पीपीजी, इंग्लंडमधली क्वैफ अशा कंपन्या या खोक्यात बसणारे मजबूत गिअर बनवतात. दात सरळ कापलेले, म्हणजे शाफ्टला लांबीचा रेटा नाही. पोलाद चांगल्या मिश्रधातूचं, पृष्ठभाग कार्बन मुरवून कडक केलेला, गाभा चिवट ठेवलेला. त्यावर बारीक छऱ्यांचा मारा करतात. त्याने वरचा थर दाबाखाली राहतो आणि चिरेला तोंड उघडायला कष्ट पडतात. पुढची पायरी डॉग बॉक्सची. त्यात सिंक्रोनायझर नसतातच. जाड खुंट्या थेट एकमेकांत अडकतात, आणि गिअर डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलतो. फक्त तो ठामपणे टाकावा लागतो. बिचकत टाकला तर खुंट्यांच्या कडा गोल होतात आणि महागडं खोकं पुन्हा टेबलावर.

रॅलीच्या चित्रफितींत ऐकू येणारा तो किंचाळता सूर सरळ दातांचा. ऐकायला छान. रोज कामावर जाता-येता ऐकावा लागला की हौस फिटते. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीत डॉग बॉक्स हा शुद्ध हट्ट आहे. सुबारूने स्वतःच इम्प्रेझाच्या २००० सालच्या एसटीआय आवृत्तीत सहा गिअरांचा, अंगाने भक्कम, वजनाने जड गिअरबॉक्स दिला. ज्यांना खरोखर गाडी चालवायची आहे ते निमूटपणे तोच शोधून बसवतात, जोडीला मागचा डिफरेन्शियल आणि त्याला जुळणारे शाफ्टही.

वाढवलेल्या बूस्टचं दुसरं दुखणं म्हणजे उष्णता. तिचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही, कारण तिथे काही खळकन मोडत नाही.

हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असताना एक बार बूस्ट द्यायचा, म्हणजे हवेचा दाब दुप्पट करायचा, तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येही ती ९५ अंशांच्या घरात जाते. खरा कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तर सव्वाशे. ही हवा इंटरकूलरने ५० अंशांवर आणली तर तेवढ्याच दाबात वीस टक्क्यांहून जास्त हवा सिलिंडरात मावते, आणि नॉकिंगचा धोका घटतो ते वेगळंच. इम्प्रेझाचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटच्या त्या प्रसिद्ध नाकाखाली असतो. हवेचा रस्ता त्यामुळे आखूड राहतो आणि टर्बो चटकन जागा होतो. पण गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की खालच्या टर्बोची आणि इंजिनाची धग तोच इंटरकूलर शोषून घेतो. एसटीआयमध्ये त्यावर पाणी फवारायची सोय होती, बटणासकट. ताकद बरीच वाढवायची असेल तर मोठा इंटरकूलर पुढे, बंपरमागे न्यावा लागतो. पण तो रेडिएटरची हवा अडवतो. एकीकडे कमावलं ते दुसरीकडे गेलं.

तापलेली हवा, जादा बूस्ट आणि हलकं पेट्रोल एकत्र आलं की ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं. हेच नॉकिंग. त्याचे घाव पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ कडांवर बसतात. पुढच्या अडीच लिटरच्या ईजे इंजिनांत त्या कडा तुटणं हा मालकांच्या ओळखीचा आजार आहे. ट्यूनर पेट्रोल थोडं जास्त सोडून ज्वलन थंड ठेवतात, ते यासाठीच. तेलाचीही हीच गत. ते १३० अंशांपुढे गेलं की पातळ होतं, आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवरचा थर तुटायला एखादं लांब वळण पुरतं. ट्रॅकवर जाणाऱ्याने आधी ऑईल कूलर बसवावा. टर्बोचा विचार नंतर.

या गाडीतली मला सर्वात आवडणारी वस्तू म्हणजे टर्बोहून उंचावर बसवलेली कूलंटची छोटी टाकी. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, पण टर्बोतलं गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली येतं, आणि बेअरिंगपाशी तेलाचा कोळसा होत नाही. बॉनेटखाली नीटनेटकं दिसावं म्हणून हीच टाकी काढून टाकणारे महाभाग आहेत.

गाडीची ताकद मोजणाऱ्या डायनोचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. तिथे समोर मोठा पंखा असतो, क्लच अलगद सोडलेला असतो आणि जोर लावायचा तो काही सेकंद. गिअर धक्क्याने जातो, इंजिन वेळेने. डायनोवर धक्का नाही आणि वेळही नाही.

आपल्याकडे इम्प्रेझा विरळाच, पण प्रश्न ओळखीचा आहे. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचा टॉर्क होता १७५ न्यूटन-मीटर. तिच्या कोरड्या क्लचच्या सात-स्पीड डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा २५०. रिमॅप करणारे या मधल्या फरकावरच पोट भरतात, आणि पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तो कोरडा क्लच आधीच तापलेला असतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. तरीही कुणाला करायचंच असेल तर त्याने किती पीएस मिळतील हे विचारू नये. ट्यूनरला दोनच आकडे विचारावेत: या गिअरबॉक्सला किती टॉर्क झेपतो, आणि वीस मिनिटं दामटल्यावर इनटेकच्या हवेचं तापमान किती असतं. तो टाळाटाळ करू लागला तर किल्ली परत मागून घ्यावी.